छत्तिसावे मतदान

शालेय इतिहासात अमेरिकेची कथा बहुधा एका ठराविक ठिकाणी येऊन थांबते. १७७६ साली फिलाडेल्फिया येथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, इंग्रजांशी युद्ध झाले, १७८३ साली तह झाला आणि १७८९ च्या एप्रिलअखेर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्क येथे अध्यक्षपदाची शपथ घेतली. येथे धडा संपतो आणि विद्यार्थी पुढचे पान उलटतात. आम्हांला मात्र खरा कठीण प्रश्न त्यानंतरचा वाटतो. परक्या राजाला घालवून देणे ही एक गोष्ट. परंतु आपल्यातूनच निवडून दिलेला अधिकारी पुढील निवडणुकीत हरला तर तो आपण होऊन खाली उतरेल काय, आणि जिंकणारा त्याला सुखाने घरी जाऊ देईल काय, ही दुसरी. त्या नव्या गणराज्यात याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. ते १८०१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाले. ते कसे मिळाले आणि कोणाच्या जिवावर मिळाले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्याकडील जुनी पुस्तके या देशाला 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' म्हणत. संस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर उभी राहतात; राजवाडा, दरबार, सरदार मानकरी दिसू लागतात. त्या तेरा संस्थानांत राजा नव्हता. म्हणून आम्ही येथे 'राज्ये' हाच शब्द योजतो.

ही तेरा राज्ये १७८१ पासून एका सैल करारनाम्याने एकत्र बांधलेली होती. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागावेत आणि राज्यांनी मनास येईल तर द्यावेत, असा कारभार. लढाईत रक्त सांडलेल्या शिपायांचे पगार थकले. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि कराने गांजलेले शेतकरी १७८६ साली डॅनियल शेज नावाच्या जुन्या सेनाधिकाऱ्याबरोबर उठले आणि शेते जप्त होऊ नयेत म्हणून कचेऱ्या बंद पाडू लागले. बंड मोडले, पण सावकार, व्यापारी व मुत्सद्दी हादरले. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे पंचावन्न प्रतिनिधी जमले. ऱ्होड आयलंडने मात्र कोणालाच पाठविले नाही. दारे-खिडक्या लावून, बाहेर अवाक्षर न फोडता त्यांनी नवी राज्यघटना तयार केली आणि १७ सप्टेंबर रोजी त्यांतील एकोणचाळीस जणांनी तिजवर सह्या केल्या.

या घटनेत अध्यक्ष, सीनेट, प्रतिनिधिगृह, न्यायालये यांची कामे वाटून दिली आहेत. एकाने दुसऱ्यास आवरावे अशी योजना आहे. परंतु राजकीय पक्ष हा शब्दच तीत नाही. घटनाकारांना पक्ष म्हणजे फितुरी वाटे. शहाणी, सुस्थित माणसे निवडून येतील आणि राष्ट्राचे हित पाहून मत देतील, ही त्यांची कल्पना. याच समजुतीने त्यांनी अध्यक्षाच्या निवडीचा नियम केला. प्रत्येक राज्याने काही निर्वाचक नेमावेत. प्रत्येक निर्वाचकाने दोन नावांना मते द्यावीत. ज्याला सर्वांत अधिक मते, आणि तीही निम्म्याहून अधिक निर्वाचकांची, तो अध्यक्ष व त्याच्या खालचा उपाध्यक्ष. कोणते मत कोणत्या पदासाठी, हे लिहावयाचे नाही. पक्ष नसते तर हा नियम कदाचित चालला असता.

पक्ष निघाले, आणि तेही वॉशिंग्टन यांच्या मंत्रिमंडळातूनच. अर्थखात्याचे प्रमुख अलेक्झांडर हॅमिल्टन यांना सर्व राज्यांचे युद्धकर्ज मध्यवर्ती सरकारने उचलावे, राष्ट्रीय बँक काढावी आणि व्यापार-उद्योग वाढवावा असे वाटे. परराष्ट्रखात्याचे प्रमुख टॉमस जेफरसन यांना त्यात इंग्लंडच्या राजसत्तेचा वास येई. त्यांचा विश्वास शेतकऱ्यांवर आणि राज्यांच्या हक्कांवर. १७९० साली कर्जाची योजना संमत झाली आणि त्याच देवाणघेवाणीत राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी, म्हणजे दक्षिणेकडे, नेण्याचे ठरले. १७९१ साली बँक निघाली. हॅमिल्टन यांच्या बाजूचे ते फेडरलिस्ट आणि जेफरसन व जेम्स मॅडिसन यांच्या बाजूचे ते रिपब्लिकन, अशी नावे पडली. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी या जुन्या नावाचा घोटाळा करू नये. तो पक्ष १८५४ साली जन्मास आला.

हे वाद खेडोपाडी पोहोचले ते टपालामुळे. १७९२ च्या टपाल कायद्याने साधे पत्र अगदी जवळच्या गावी पाठविण्यासही सहा सेंट पडत, पण वर्तमानपत्र शंभर मैलांपर्यंत एका सेंटात जाई, आणि संपादकांनी एकमेकांस पाठविलेल्या अंकांस तर काहीच आकार नसे. १७९० साली देशात ७५ टपालकचेऱ्या होत्या, त्या १८०० साली ९०३ झाल्या. व्हर्जिनियातील टीका न्यू इंग्लंडमधील गावकरी काही दिवसांत वाचू लागला. आमच्या मते कोणत्याही सेनापतीने केले नसेल एवढे काम या एका सेंटाने केले.

वर्तमानपत्रे सभ्य होती असे मात्र कोणी समजू नये. वॉशिंग्टन यांच्यावरही चिखलफेक झाली. त्यांच्यानंतर १७९७ साली जॉन अॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्या विचित्र नियमामुळे त्यांचे प्रतिस्पर्धी जेफरसन हे उपाध्यक्ष झाले. ७१ मते एकास, ६८ दुसऱ्यास. फ्रान्सशी युद्ध होणार असे वारे वाहू लागले, तेव्हा १७९८ च्या जुलैमध्ये फेडरलिस्ट बहुमताने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस वा अध्यक्ष यांची खोटी व द्वेषमूलक निंदा छापणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. यांत उपाध्यक्षाचे नाव नाही! जेफरसन यांना कोणीही वाटेल ते बोलावे, याची ही सोय होती. कायद्याची मुदतही पाहण्याजोगी आहे: ३ मार्च १८०१, म्हणजे अॅडम्स यांच्या कारकीर्दीचा शेवटचा दिवस. आपल्या हाती सत्ता आहे तोवर निंदा हा गुन्हा आणि ती गेल्यावर नाही, असा तो हिशेब दिसतो.

व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना या कायद्याखाली चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी ते तुरुंगात असतानाच त्यांना पुन्हा निवडून दिले. राज्यकर्त्यांना विरोधक म्हणजे देशद्रोही वाटत होता. व्हरमाँटच्या शेतकऱ्यांना तसे वाटत नव्हते.

या पार्श्वभूमीवर १८०० ची निवडणूक झाली. रिपब्लिकनांनी जेफरसन यांना अध्यक्षपदासाठी व न्यूयॉर्कचे एरन बर यांना उपाध्यक्षपदासाठी उभे केले. फेडरलिस्टांनी आपल्या दुसऱ्या उमेदवारास एक मत कमी पडेल अशी दक्षता घेतली: अॅडम्स ६५, पिंकनी ६४. रिपब्लिकनांपैकी कोणी ती घेतली नाही. प्रत्येक निर्वाचकाने इमानाने दोन्ही नावे लिहिली आणि जेफरसन ७३, बर ७३ अशी बरोबरी झाली. बरोबरी झाल्यास प्रतिनिधिगृहाने निवड करावी, प्रत्येक राज्यास एक मत, असा घटनेचा नियम. सोळा राज्ये, नऊ मते हवीत. आणि त्या गृहात अजून हरलेल्या फेडरलिस्टांचेच बहुमत होते.

११ फेब्रुवारी १८०१ रोजी मतदान सुरू झाले. वॉशिंग्टन शहर तेव्हा नावालाच शहर होते. कॅपिटॉलची एक बाजू तेवढी बांधून झालेली आणि रस्त्यांत चिखल. त्या दिवशी बर्फ पडत होते. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेले होते. त्यांना उचलून आणून शेजारच्या खोलीत निजविले, कारण ते नसते तर त्यांच्या राज्याचे मत जेफरसन यांच्या विरुद्ध गेले असते. त्यांच्या पत्नी उशाशी बसून त्यांना मतपत्रिका लिहिण्यास मदत करीत. पहिली मोजणी: जेफरसन ८, बर ६, दोन राज्ये दुभंगलेली. दुसरी मोजणी तीच. तिसरी तीच. रात्र झाली, कोणी खुर्चीत, कोणी जमिनीवर डुलक्या घेऊ लागले. पस्तीस वेळा मतदान झाले आणि पस्तीसही वेळा आकडे हलले नाहीत.

बाहेर अफवांना ऊत आला. फेडरलिस्ट निवड होऊच देणार नाहीत आणि दुसऱ्याच कोणास गादीवर बसवतील, असे बोलले जाई. तसे झाल्यास पेनसिल्व्हेनिया व व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी आपली नागरी सेना सज्ज ठेवण्याची भाषा चालविली होती. अशा वेळी जेफरसन यांचे हाडवैरी हॅमिल्टन यांनी आपल्याच पक्षाच्या लोकांना पत्रांमागून पत्रे लिहिली: जेफरसन यांची तत्त्वे मला मान्य नाहीत, पण त्यांना तत्त्वे आहेत, बर यांना एकही नाही. (पुढे १८०४ साली याच बर यांच्या गोळीने हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारले गेले.) शेवटी डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, फेडरलिस्ट पक्षाचे जेम्स बेयर्ड, यांनी माघार घेतली. १७ फेब्रुवारी रोजी छत्तिसाव्या मतदानात त्यांनी कोरी चिठ्ठी टाकली, व्हरमाँट आणि मेरीलँडमधील फेडरलिस्टही बाजूस राहिले आणि जेफरसन दहा राज्यांच्या मतांनी अध्यक्ष झाले.

४ मार्च रोजी जेफरसन आपल्या खाणावळीतून चालत कॅपिटॉलला गेले आणि त्यांनी शपथ घेतली. अॅडम्स त्या समारंभास नव्हते. ते पहाटेच्या अंधारातच गाडीने मॅसॅच्युसेट्सच्या वाटेस लागले होते. त्यांच्या या वर्तनास अनेकांनी नावे ठेवली आहेत. आम्ही ठेवणार नाही. त्यांचा मुलगा चार्ल्स तीनच महिन्यांपूर्वी वारला होता. मन कडू झालेले होते. परंतु त्यांनी ना फौज बोलाविली, ना कचेरी अडवून धरली. रुसून का होईना, ते गेले. राजद्रोहाचा कायदा आपोआप संपला, त्याखाली शिक्षा झालेल्यांना जेफरसन यांनी माफी दिली, आणि फेडरलिस्टांपैकी कोणालाही तुरुंगात टाकले नाही. १८०४ साली बाराव्या दुरुस्तीने दोन पदांची मते वेगळी केली. घटनेने न ओळखलेला पक्ष अशा रीतीने मागल्या दाराने घटनेत आला.

एवढ्यावर थांबलो तर कथा गोड होईल, पण अर्धीच राहील. निर्वाचकांची संख्या लोकसंख्येवर ठरे, आणि लोकसंख्या मोजताना गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांचे पाचांपैकी तीन धरावेत, असे १७८७ साली ठरले होते. १७९० च्या शिरगणतीत सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते. मुक्त माणसांच्या संख्येत व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात फारसे अंतर नव्हते. निर्वाचक मात्र व्हर्जिनियास २१ आणि पेनसिल्व्हेनियास १५. अॅडम्स आठ मतांनी हरले. गुलामांची ही गणती नसती तर ते हरले नसते, असा अनेक इतिहासकारांचा हिशेब आहे. ज्यांना मत नव्हते त्यांच्याच संख्येवर त्यांच्या मालकांची मते वाढत होती. ही गुलामगिरी कायद्याने नष्ट होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केले, ते या मुक्तीसाठी झटलेले लोक होत.

पुढील तीस वर्षांत मताधिकार वाढला असे पुस्तके सांगतात. गोऱ्या पुरुषांपुरते ते खरे आहे. मालमत्तेची अट राज्यामागून राज्याने काढून टाकली. परंतु न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया व विधवा १७७६ पासून मत देत आल्या होत्या, त्यांचा आणि मुक्त कृष्णवर्णीयांचा हक्क १८०७ साली गेला. न्यूयॉर्कने १८२१ साली गोऱ्यांवरील अट उठविली, पण कृष्णवर्णीयांसाठी अडीचशे डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. चेरोकी लोकांनी स्वतःची लिपी, वर्तमानपत्र, घटना सारे केले, तरी १८३० च्या कायद्याच्या आधारे त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकलले, आणि वाटेत हजारो मेले. दार उघडत होते ते एका बाजूने. दुसऱ्या बाजूचे त्याच वेळी लागत होते.

अॅडम्स आणि जेफरसन यांचा अबोला १८१२ साली सुटला. दोघे म्हातारे एकमेकांस लांबलचक पत्रे लिहू लागले. १८२६ च्या ४ जुलैस, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, दोघेही वारले. जेफरसन यांच्या डोक्यावर मोठे कर्ज होते. मृत्युपत्राने त्यांनी पाच गुलामांना मुक्त केले होते. त्यांत लोहारकाम करणारे जोसेफ फॉसेट हे एक. १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलो येथे उरलेल्यांचा लिलाव पुकारला गेला. जाहिरातीत १३० माणसे होती. जोसेफ यांच्या पत्नी एडिथ, ज्यांनी जेफरसन यांच्या कारकीर्दीत अध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली राहून स्वयंपाक केला होता, त्यांची आणि त्यांच्या मुलांची निरनिराळ्या लोकांना विक्री झाली. जोसेफ यांनी भात्यापाशी राबून पैसा जमविला, एडिथ यांना व काही मुलांना विकत घेतले आणि १८३७ साली कागद करून त्यांना मुक्त केले.