साउना आणि लहान मूल
(द्वितीय वर्ष, कला)

थंड प्रदेशातील माणसाला उबेचे जे मोल वाटते, ते उन्हाने हैराण होणाऱ्या आपल्यासारख्यांना सहसा उमगत नाही. फिनलंड हा असाच एक थंड देश. तेथील लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि साउना मात्र ३० लाखांच्या आसपास! साउना म्हणजे लाकडी भिंतींची एक लहान खोली. तिच्यात भट्टीवर दगड तापवलेले असतात. लेकराबाळांसह सर्वांनी तेथे बसून घाम गाळायचा आणि मग गार पाण्याने अंग धुवायचे, ही तेथील जुनी रीत. पूर्वी खेड्यांतून बाळंतपणेही साउनातच होत; कारण तीच जागा उबदार व स्वच्छ असे. २०२० साली युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

आता आपल्याकडेही शहरांतील हॉटेले, व्यायामशाळा आणि क्वचित बंगले यांतून साउना दिसू लागला आहे. घरात तो आला की मुले त्यात शिरणारच. तेव्हा त्याचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

८० ते ९० अंश सेल्सियसला माणूस भाजून कसा निघत नाही? याचे उत्तर हवेच्या कोरडेपणात आहे. कोरड्या हवेत घाम झटकन सुकतो आणि सुकताना अंगातील उष्णता घेऊन जातो. दगडांवर पळीभर पाणी टाकले की वाफ उठते. तिला फिनिश भाषेत ‘लोयलू’ म्हणतात. तापमापकाचा पारा तेवढाच असला तरी चटका एकदम वाढतो; कारण दमट हवेत घाम सुकत नाही.

मुलाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ अधिक असते, म्हणून बाहेरची उष्णता अंगात लवकर शिरते. शिवाय त्याला घामही कमी येतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका फिनिश संशोधनात ७० अंशांच्या साउनात १० मिनिटे बसवून मुलांची व मोठ्यांची तपासणी केली होती. पाच वर्षांखालील मुलांच्या हृदयाचे ठोके वाढले, परंतु दर ठोक्यामागे बाहेर पडणारे रक्त घटले, असे तीत आढळले. अशा वेळी मूल बाहेर येऊन एकदम उभे राहिले तर त्याला भोवळ येऊ शकते.

घरासाठी साउना निवडताना दिखाऊपणापेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात. भट्टीभोवती भक्कम लाकडी कठडा हवा. कारण तापलेल्या दगडांवर मुलाचा हात पडणे हा मोठा धोका आहे. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे आणि त्याला कडी, कुलूप मुळीच नसावे. हवा आत येण्यास व बाहेर जाण्यास झरोके हवेत. विजेची भट्टी खोलीच्या आकारमानाला साजेशी आणि ठराविक वेळाने आपोआप बंद होणारी असावी. लाकडाची भट्टी असेल तर धुराडे निर्दोष हवे. आपल्या खेड्यांत बाळ-बाळंतिणीला शेक देताना खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेतात. तेथेही हाच धोका असतो: कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. फिनलंडमधील जुन्या, बिनधुराड्याच्या साउनात विस्तव पूर्ण जळून गेल्यावर, धूर व वायू बाहेर घालवल्यावरच माणसे आत जात. ही जुन्या लोकांची सावधगिरी ध्यानात घेण्यासारखी आहे.

वापराचे नियम सोपे आहेत. गरम हवा वर जाते, म्हणून मुलाला सर्वांत खालच्या बाकावर बसवावे. तापमापक त्याच्या डोक्याच्या उंचीवर पाहावा; ६० ते ७० अंशांपलीकडे जाऊ नये. प्रथम दोन-तीन मिनिटे पुरेत. पुढेही पाच-दहा मिनिटांची मर्यादा ठेवावी. आधी व नंतर पाणी पाजावे. मोठे माणूस क्षणभरही बाहेर जाऊ नये आणि दगडांवर पाणी त्यानेच टाकावे. मूल मलूल झाले, डोके दुखते म्हणाले, मळमळू लागले तर तत्काळ बाहेर आणून निजवावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे व शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे. सुस्ती उतरली नाही तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. तान्हे बाळ, हृदयविकार किंवा फिटस् येणारे मूल यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याखेरीज साउनाचे नावही काढू नये.

घाम आला की ताप उतरतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. तापाने फणफणलेल्या किंवा जुलाबाने सुकलेल्या मुलाला साउनात बसवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. साउना हे औषध नाही. ती एक विश्रांती आहे.

चर्चमध्ये वागावे तसे साउनात वागावे, असे फिनलंडमध्ये मुलांना शिकवतात. धावायचे नाही, ओरडायचे नाही, पैजा लावायच्या नाहीत. हा धडा मोठ्यांनीही गिरवावा. ‘आणखी थोडा वेळ बस’ असा आग्रह मुलाला कधी करू नये. ‘बाहेर जायचंय’ हे त्याचे शब्द कानी पडताच दार उघडावे; त्या क्षणी त्याचे शरीर तापमापकापेक्षा खरे बोलत असते.