घरचे मैदान आणि बास्केटबॉलचा हंगाम

युरोलीग ही युरोपातल्या पुरुषांच्या बास्केटबॉल क्लबांची सर्वांत वरची स्पर्धा. कोकणात भात कापणीला येते त्या सुमारास तिचा हंगाम सुरू होतो आणि आंबा सरत येईपर्यंत चालतो. 2025-26 पासून तिच्यात 18 ऐवजी 20 संघ खेळू लागले. प्रत्येक संघ उरलेल्या 19 संघांशी दोनदा भिडतो, एकदा आपल्या गावी आणि एकदा समोरच्याच्या गावी. असे साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला 38 सामने येतात. गुणतक्त्यातले पहिले सहा संघ थेट बाद फेरीत जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना उरलेल्या दोन जागांसाठी आपसांत खेळावे लागते. मग आठ संघांच्या चार जोड्या लागतात आणि पाचपैकी तीन सामने आधी जिंकणारा संघ पुढे सरकतो. शेवटचे चार संघ एकाच शहरात जमतात आणि तीन दिवसांत विजेता ठरतो. शेवटच्या चौघांनी एकाच शहरात खेळण्याची ही पद्धत 1988 पासून चालू आहे. 2025 मध्ये हे सामने अबुधाबीत झाले आणि तुर्कस्तानच्या फेनरबाचेने मोनाकोला 81-70 असे हरवले.

अमेरिकेतली एनबीए टीव्हीवर पाहणाऱ्याला हा खेळ थोडा वेगळा वाटेल. एनबीएत 12 मिनिटांचे चार डाव असतात, तर युरोपात 10 मिनिटांचे, म्हणजे सामना 40 मिनिटांचा. एनबीएत सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, इथे पाचव्यालाच. तीन गुणांची रेषाही इथे टोपलीच्या अधिक जवळ, 6.75 मीटरवर असते. वेळ कमी आणि चुकांना सूट कमी, त्यामुळे एकट्या खेळाडूच्या करामतीपेक्षा प्रशिक्षकाची आखणी आणि पाच जणांचा बचाव जास्त मोलाचा ठरतो. त्यात युरोलीगचे क्लब त्याच आठवड्यात आपापल्या देशाच्या लीगमध्येही खेळत असतात. काही खेळाडूंचे वर्षाचे सामने सत्तरच्या घरात जातात.

या स्पर्धेचा आरंभ 1958 चा. पहिली तीन वर्षे सोव्हिएत लॅटव्हियाच्या रिगा शहरातल्या क्लबने गाजवली. पुढे रेआल माद्रिदने सर्वाधिक, 11 विजेतेपदे मिळवली. 2000 मध्ये मोठे क्लब आंतरराष्ट्रीय महासंघापासून, म्हणजे फिबापासून फुटले. टीव्हीच्या हक्कांतून येणारा पैसा आणि वेळापत्रक या दोन्ही गोष्टी त्यांना आपल्या हातात हव्या होत्या. त्या एका हंगामात युरोपला दोन विजेते मिळाले, एका स्पर्धेत बोलोन्याचा क्लब आणि दुसऱ्या स्पर्धेत मक्काबी तेल अवीव. नंतर मोठे क्लब पुन्हा एकाच स्पर्धेत आले, पण सूत्रे क्लबांकडेच राहिली. बऱ्याच क्लबांना अनेक वर्षांचे परवाने असतात. वाईट हंगाम गेला तरी त्यांची जागा जात नाही. लहान देशांच्या विजेत्या संघांवर यात अन्याय होतो हा आक्षेप जुना आहे आणि तो रास्तही आहे. मार्च 2025 मध्ये एनबीए आणि फिबा यांनी युरोपात नवी लीग काढण्याचा विचार जाहीर केल्यापासून या वादाला पुन्हा धार आली आहे.

वीस संघांपैकी एक दुबईचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे. त्यांच्यापैकी दुबईत राहणाऱ्यांना युरोपातला वरचा बास्केटबॉल आता त्याच शहरात तिकीट काढून पाहता येतो. मात्र दुबईचा क्लब नवा आहे, पैशाच्या बळावर उभा राहिलेला. युरोलीगचे खरे बळ पाहायचे तर लिथुएनियातल्या काउनास शहराकडे पाहावे.

लिथुएनियाची लोकसंख्या 30 लाखांच्या आत आहे. 2011 च्या जनगणनेत एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची 16 लाखांवर होती, म्हणजे तो सगळा देश आपल्या दोन जिल्ह्यांएवढा. काउनासमध्ये जेमतेम तीन लाख माणसे राहतात. तरीही तिथल्या झालगिरिस क्लबचे बंदिस्त मैदान पंधरा हजारांवर प्रेक्षकांचे आहे आणि ते भरते. हा क्लब 1944 चा. देश सोव्हिएत संघात असताना, 1985 ते 1987 अशी सलग तीन वर्षे, झालगिरिसने मॉस्कोच्या लष्करी संघाला मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद जिंकले. आर्विदास साबोनिस हा काउनासचाच मुलगा त्या संघाचा आधार होता. स्वतःच्या नावाने खेळायची मुभा नसलेल्या देशाने आपला अभिमान एका क्लबवर सोपवला होता. 1999 मध्ये याच क्लबने युरोपचे विजेतेपदही मिळवले. अशा क्लबचा घरचा सामना म्हणजे साऱ्या गावाचा दिवस असतो.

महाराष्ट्रात असे बीज नव्हतेच, असे म्हणता येत नाही. मुंबईच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाउस उभारले. त्या परिसरात आणि मस्तान वायएमसीएच्या मैदानावर दाटीवाटीच्या चाळींतली पोरे बास्केटबॉल शिकली आणि त्यांतून भारतीय संघापर्यंत पोचली. गुलाम अब्बास मुंतसिर हे त्यांतले ठळक नाव. ते भारताचे कर्णधार झाले आणि 1970 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 1975 च्या आशियाई बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत भारत चौथा आला होता. आजवरची ती आपली सर्वोत्तम जागा आहे. नागपाड्याला खेळाडू, प्रेक्षक, ईर्षा सगळे होते. नव्हती ती वर चढायची शिडी. चांगल्या खेळाडूला रेल्वेत, बँकेत किंवा ओएनजीसीसारख्या कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी मिळे आणि तो त्या आस्थापनेच्या संघातून खेळे. आजही भारतातला वरचा बास्केटबॉल बहुतांशी असाच चालतो. यात पोटाची सोय होते, पण गावाचा क्लब उभा राहत नाही. व्यावसायिक लीग काढायची म्हटले की खेळाडूच्या रजेपासून प्रश्न सुरू होतात.

तरी प्रयत्न झाले. 2015 ते 2017 या काळात यूबीए या खासगी लीगचे चार हंगाम झाले. त्यात मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे दोन संघ आपले होते. नंतर ती बंद पडली. 2022 मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या पाठबळाने आयएनबीएल सुरू झाली. मुंबई टायटन्ससह सहा संघ होते, सगळे मिळून एका शहरातून दुसऱ्या शहरात जात खेळले आणि चेन्नई हीट विजेता ठरला. 2025 मध्ये याच नावाखाली सहा संघांची नवी व्यावसायिक स्पर्धा दिल्लीत झाली. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या बंदिस्त मैदानात सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीए संघांचे दोन सामनेही झाले. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. एनबीए संघाची मुख्य मालकी मिळवणारे ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ. पाहुणे आले, टाळ्या मिळाल्या, गेले.

संघांना शहरांची नावे मिळाली, पण त्या शहरांना हंगामभर घरचे सामने मिळाले नाहीत, ही या प्रयत्नांतली मोठी उणीव. क्रिकेटमध्येही हेच दिसते. महाराष्ट्र प्रीमियर लीगचे 2023 आणि 2024 चे विजेतेपद रत्नागिरी जेट्सने जिंकले, पण ते पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर. क्रिकेट टीव्हीच्या जोरावर हे निभावून नेते. बास्केटबॉलला ते परवडणारे नाही, कारण या खेळाचा प्रेक्षक अजून घडायचा आहे आणि तो मैदानाच्या कडेलाच घडतो.

त्यासाठी लागणारी जागाही फार नाही. कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद, टोपली 3.05 मीटर उंचीवर. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात मात्र वर छप्पर हवेच. पुढची लीग आखणाऱ्यांनी झगमगाटावरचा खर्च कमी करून नागपाडा, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकाणी आधी घरची मैदाने ठरवावीत, प्रत्येक संघाला गावात किमान पाच-सहा सामने द्यावेत आणि शाळकरी मुलांना ते फुकट पाहू द्यावेत.