पाण्याची धार लोखंड खरंच कापते का? उत्तर कुकडी नदीच्या पात्रात आहे

खाली जाड लोखंडी प्लेट, वर सुईसारखी पाण्याची धार आणि बघता बघता कापून निघालेलं दातेरी चाक. ही रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. खाली कमेंट्स ठरलेल्या: ‘एडिटिंग आहे’, ‘पाण्यानं कुठं लोखंड कापतं का राव?’

तर व्हिडीओ खरा असतो. पण कमेंटवालेही पूर्ण चुकीचे नसतात. कारण लोखंड नुसतं पाणी कापत नाही.

मग कोण कापतं? यासाठी आधी जुन्नरला जावं लागेल.

नदीनं हे आधीच करून दाखवलंय

जुन्नर तालुक्यात, कुकडेश्वराच्या परिसरात कुकडी नदी उगम पावते. तिथून पूर्वेला वाहत ती पारनेर तालुक्यातल्या निघोजजवळ येते. इथं नदीपात्रातल्या काळ्या कातळात रांजणासारखे खोल खड्डे पडलेत. हेच ते प्रसिद्ध रांजणखळगे.

हा कातळ म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला दगड. जुन्नर परिसरातली २०० हून जास्त लेणी याच जातीच्या दगडात छिन्नी-हातोड्यानं खोदलेली आहेत, त्यामुळे तो किती कठीण असतो हे वेगळं सांगायला नको.

पाणी मऊ आणि दगड कठीण, तरी खड्डे पडले. कारण पुराच्या पाण्याबरोबर वाळू आणि गोटे येतात. ते कातळाच्या खाचेत अडकतात आणि भोवऱ्याबरोबर गरगर फिरत तळ आणि कडा घासत राहतात. म्हणजे घासण्याचं काम गोटे करतात, पाणी फक्त त्यांना फिरवतं.

रीलमधलं मशीन नेमकं हेच करतं. त्याचं नाव ॲब्रेसिव्ह वॉटरजेट. ॲब्रेसिव्ह म्हणजे घासणारा, खरवडणारा पदार्थ. नदीला ज्या कामासाठी हजारो वर्षं लागली, ते हे मशीन काही मिनिटांत उरकतं.

मशीनच्या आत काय होतं?

पहिली पायरी दाबाची. धरणात दर १० मीटर खोलीला साधारण १ बार दाब वाढतो. समजा, आंबेगावच्या डिंभे धरणात एका ठिकाणी ५० मीटर खोल पाणी आहे, तर तिथं पाण्याचा दाब सुमारे ५ बार भरेल. वॉटरजेटचा पंप पाण्यावर साधारण ४,००० बार दाब देतो. इतका दाब नैसर्गिकरीत्या हवा असेल, तर जवळपास ४० किलोमीटर खोल पाणी लागेल. जगातला सगळ्यात खोल समुद्रही ११ किलोमीटरच्या आसपासच आहे.

दुसरी पायरी वेगाची. हे पाणी माणिक, नील किंवा हिऱ्याच्या तुकड्यातल्या बारीक छिद्रातून बाहेर पडतं. छिद्र जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटरचं. दुसरं काही वापरलं तर ते लगेच झिजेल. बाहेर पडताना पाण्याचा वेग सेकंदाला ८०० मीटरच्या पुढे जातो, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त. आणि एवढं होऊनही मिनिटाला लागणारं पाणी साधारण ३ ते ४ लिटरच.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. छिद्राखाली एक छोटी पोकळी असते. वेगवान धारेमुळे तिथं ओढ तयार होते आणि बाजूच्या नळीतून गार्नेटची वाळू आत खेचली जाते. अंगठीत घालतात तो गोमेद याच गार्नेट कुळातला. पाणी आणि वाळू एका कठीण नळीतून एकत्र बाहेर पडतात आणि वाळूचा प्रत्येक कण समोरच्या वस्तूचा अगदी बारीक कपचा उडवतो. लाखो कणांचे लाखो कपचे, की झाला काप तयार.

साध्या पाण्याची धारही वापरतात, पण ती केक, फोम, कागद, रबर अशा मऊ गोष्टींसाठी. धारेत वाळू मिसळण्याची पद्धत १९७९ च्या सुमारास मोहम्मद हशीश या अभियंत्यानं अमेरिकेत विकसित करायला घेतली आणि त्यानंतर दगड, काच, लोखंड, टायटॅनियम सगळंच या धारेच्या टप्प्यात आलं.

लेझर असताना याची गरज काय?

कारण उष्णता. लेझर आणि गॅस कटिंग धातू वितळवून कापतात. त्यामुळे कापाजवळचा धातू तापतो, कधी वाकतो, कधी त्याचे गुणधर्म बदलतात. वॉटरजेटमध्ये वस्तू जवळपास थंडच राहते. म्हणून विमानाचे भाग, जाड प्लेट, दगड आणि काच यांसाठी तो सोयीचा पडतो. हॉटेलच्या फरशीवर वेगवेगळ्या रंगांच्या संगमरवराची फुलं एकमेकांत चपखल बसवलेली दिसतात, तीही बऱ्याचदा यावरच कापलेली असतात.

पण सगळंच जमतं असं नाही. टफन्ड काच कापायला गेलं तर तिच्या आतला ताण सुटतो आणि तिचा चुरा होतो. जाड वस्तूत धार खाली जाताना मागे रेंगाळते, त्यामुळे काप तिरका किंवा रेघाळ येऊ शकतो. वेग लेझरपेक्षा कमी असतो. शिवाय गार्नेट सतत ओतावं लागतं आणि वापरलेल्या गाळाची विल्हेवाटही लावावी लागते.

फुफ्फुसाशी संबंध काय?

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका भरपूर असते. ओट्याचा ग्रॅनाइट ग्राइंडरनं कोरडा कापला की पांढरा धुरळा उडतो. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षांनी सिलिकोसिस होऊ शकतो. हा आजार पूर्ण बरा होत नाही. वॉटरजेटमध्ये कण पाण्यातच अडकत असल्यानं हवेतली धूळ खूप कमी होते. प्रत्येक कारागिराला लाखो रुपयांचं मशीन परवडणार नाही. पण ग्राइंडरच्या पात्यावर पाणी सोडणं आणि चांगला मास्क लावणं परवडतं. विजेच्या ग्राइंडरवर पाणी सोडायचं तर तो ओल्या कामासाठी बनवलेलाच हवा, नाहीतर शॉक बसायचा.

धार बोटाला लागली तर?

जुन्नर-आंबेगावची बरीच मुलं आयटीआय करून चाकणच्या कंपन्यांमध्ये जातात. त्यांनी आणि गावात गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर चालवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

जोरदार दाबाची धार त्वचेतून आत घुसू शकते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसं येत नाही. पण आत पाणी आणि घाण बोटातून तळहातापर्यंत पसरलेली असू शकते. ‘हळद लावू, उद्या बघू’ असं म्हणत थांबलं तर बोट गमवायची वेळ येऊ शकते. त्यामुळे दुखत नसलं तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं: जास्त दाबाच्या पाण्याची धार लागली आहे, दाब साधारण इतका होता आणि पाण्यात अमुक मिसळलेलं होतं. वॉशिंग सेंटरच्या पंपाचा दाब १०० बारच्या पुढेही असतो आणि हाताला इजा व्हायला तेवढा पुरेसा आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी त्या रीलखाली कुणी ‘फेक आहे’ लिहिलं, तर त्याला निघोजच्या रांजणखळग्यांचा फोटो पाठवा. आणि ग्रुपमध्ये कुणी वॉशिंग सेंटरवर कामाला असेल, तर त्याला हा शेवटचा भाग नक्की वाचायला सांगा.