सराफाच्या काट्यावर खायचा सोडा

आज कॅल्शियमवर लिहायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या, कारण धरमपेठेतल्या एका वाचकाच्या पत्राने माझी दुखरी नस दाबली आहे. त्यांच्याकडे अल्कलिनिटीची दोन किट आहेत. टाकी तीच, पाणी तेच. एक किट 7 डीकेएच दाखवतं, दुसरं 10. ‘खरं कोणाचं धरू? की सरळ तिसरं, भारीतलं घेऊ?’

घेऊ नका. तिसरं साडेआठ दाखवेल, मग चौथं आणाल.

मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं तेव्हा समुद्र दारातच होता. आपण झिरो माइलच्या गावचे. आपला समुद्र पाकिटातून येतो आणि बादलीत आरओच्या पाण्यात कालवला जातो. तो जमला की फसला, हे किट सांगणार. आणि किट खरं बोलतंय का, हे कोण सांगणार? ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं पाणी. आपल्याच गावात 1958 पासून पाण्याचा अभ्यास करणारी नीरी आहे. तिथेच काय, कुठल्याही धड प्रयोगशाळेत नमुन्याआधी माहीत असलेलं द्रावण तपासतात. आपण मात्र बाटली उघडली की थेट टाकीत सिरिंज बुडवतो.

अल्कलिनिटीसाठी असं पाणी घरी होतं, तेही दहा-वीस रुपयांत. खायच्या सोड्याचं ताजं पाकीट घ्या (बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी). 3 ग्रॅम सोडा विरघळवून आरओचं पाणी बरोबर 1 लिटर करा. त्यातलं 100 मिली घेऊन ते पुन्हा आरओच्या पाण्याने 1 लिटर करा. हे झालं 10 डीकेएचचं पाणी.

अडचण एकच, 3 ग्रॅम मोजायचे कशावर? स्वयंपाकघरातला काटा तिथे अर्धा ग्रॅम इकडेतिकडे सहज करतो. म्हणून मी पुडी घेऊन इतवारीत सराफ्यात गेलो. ओळखीच्या पेढीवर त्यांनी काचेची झापडं लावलेल्या काट्यावर बटरपेपर ठेवला, शून्य केलं आणि चिमटीचिमटीने सोडा सोडला. 2.98. आणखी चार कण. 3.00. शेजारी बांगड्या बघत बसलेल्या काकू माझ्याकडे संशयाने बघू लागल्या. पेढीवाले म्हणाले, ‘‘काय भाऊ, सोडाबी आता तोळ्याच्या भावानं भेटून राहिला का?’’

घरी येऊन दोन्ही किट लावली. सिरिंजवालं महागडं किट 9.9 वर रंग पालटून थांबलं. थेंब मोजायच्या स्वस्त किटला निळ्याचं पिवळं व्हायला 11 थेंब लागले. मग ते फेकलं? मुळीच नाही. पुन्हा केलं, पुन्हा 11. म्हणजे गडी चुकतो, पण दर वेळी तेवढाच चुकतो. तेव्हापासून त्याचा थेंब मी 0.9 धरतो आणि रोजच्या कामाला तेच वापरतो. पाण्याचा नमुना 5 ऐवजी 10 मिली घेतला की एक थेंब निम्म्या मापाचा होतो आणि स्वस्त किट आणखी बारीक मोजतं. माझ्या लेखी भरवशाचं किट ते हेच.

क्षारतेचंही असंच. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. आपलं काम 35 वर असतं, तर तो 35 वरच जुळवावा. 73 ग्रॅम मीठ आणि 1927 ग्रॅम पाणी, दोन्ही वजनाने. आकडे मुद्दाम पूर्ण दिलेत, म्हणजे घरचा काटा चालेल, सराफ्यात मिठाची पुडी न्यायला नको. हे पाणी रिफ्रॅक्टोमीटरला 35 च्या समुद्रासारखं दिसतं.

पण नवतप्यात हे दुपारी करू नका. आपोआप तापमान सांभाळतो म्हणून विकला जाणारा हा रिफ्रॅक्टोमीटर सहसा 10 ते 30 अंशांतच सांभाळतो. एका मे महिन्यात मी तो गाडीच्या डिक्कीतून काढला, तसाच गच्चीवर जुळवला आणि रात्री कूलरच्या खोलीत पाहतो तर रेघ तीन घरं सरकलेली. मधल्या वेळात टाकीत पाणी घालून मोकळा झालो होतो. दोन कोळंब्या गेल्या. किटच्या बाटल्यांचंही तेच: कपाटावर उन्हाळा काढलेल्या बाटलीवरची तारीख मी मानत नाही.

आरओवाल्याचा टीडीएस पेन चालेल का, असं तिघांनी विचारलंय. मीठ घालण्याआधीचं पाणी तपासायला उत्तम. मीठ घातल्यावर नाही. बहुतेक पेन दहा हजारांच्या आतच थकतात आणि समुद्र पस्तीस हजारांचा.

अमोनियाचं असं पाणी घरी करण्याच्या फंदात पडू नका. तिथे निदान आरओच्या पाण्यावर किट शून्य दाखवतं का, एवढं बघा. रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर जुळवा, टाकीच्या निळ्या दिव्याखाली तर मुळीच नको. आणि पट्ट्या स्वस्त दिसतात, पण एका डबीत जितक्या पट्ट्या तितक्याच चाचण्या, शिवाय पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की सगळी डबी गेली.

धरमपेठकरांनी दोन्ही किट सोड्याच्या पाण्यावर लावून आकडे कळवावेत. कॅल्शियम पुढच्या आठवड्यात, त्यांचं पत्र मध्ये आलं नाही तर.