कारवी, तिवर आणि माझी जुनी वही

मुलुंडच्या पश्चिमेला डोंगर, पूर्वेला खाडी. दोन्हींच्या मधोमध राहिल्यामुळे मला झाडांचा नाद लागला. वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. रद्दीतली पुस्तकं, एक भिंग आणि एक वही एवढीच माझी शाळा. त्या वहीत कारवी 'अडुळशाच्या कुळात' आणि तिवर 'सागाच्या कुळात' अशा नोंदी होत्या. दुसरी चुकली होती.

कारवीचं कूळ ओळखणं सोपं. पानं समोरासमोर, पेरं फुगीर, पाकळ्या जुळून झालेली नळी. पण पक्की खूण बोंडात असते. आत प्रत्येक बीखाली एक ताठ आकडा असतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ साली फुलली, नंतर थेट २०२४ साली. फुलून फळली की झुडूप मरतं; वाळलेली बोंडं मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहतात. पाणी लागलं की ती तडतडतात आणि आकड्यांच्या रेट्याने बी लांब उडतं. कारवी मिळाली नाही तर अबोलीचं सुकं बोंड वाटीभर पाण्यात टाकून पाहा. तीही याच कुळातली. डोळे मात्र जरा लांब ठेवा!

तिवराच्या फळात आकडा नाही. एकच बी, तेही झाडावर असतानाच सालीच्या आत रुजू लागतं. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात (१९०१–०८) तिवर सागाच्या कुळात घातलं होतं. मला ते पटलं होतं. आकडा नाही, मग अडुळशाशी नातं कसलं?

२००२ साली श्वार्झबाख आणि मॅकडेड या दोन संशोधक बाईंनी डीएनए ताडून तिवर अडुळशाच्याच गोतावळ्यातलं असल्याचं दाखवलं. हे माझ्या वाचनात बऱ्याच वर्षांनी आलं आणि खरं सांगतो, राग आला. प्रयोगशाळेत बसून आमची खाडी काय कळणार, असं वाटलं. मग भांडुप उदंचन केंद्राजवळच्या तिवरांत भिंग घेऊन गेलो. पानं समोरासमोर, पेरं फुगीर. रोज पाहिलेलं, पण नोंदलेलं नव्हतं. आकड्याचा हट्टही टिकेना. बागेत मांडवावर चढणारा निळ्या फुलांचा थनबर्जिया बिनआकड्याचाच. तरी कुक यांनीही तो अडुळशाच्याच कुळात ठेवला होता. आकडा म्हणजे घराण्यातल्या एका शाखेचा दागिना. तो नाही म्हणून कुणी परकं ठरत नाही.

गंमत म्हणजे सागही आता जुन्या कुळात राहिलेला नाही. निर्गुडीसह तो तुळशीच्या कुळात गेला. म्हणजे माझ्या नोंदीतले दोन्ही शब्द गेले.

ती नोंद मी खोडली नाही, शेजारी लाल शाईने नवं कूळ लिहिलं. खाली मारांडीची नोंद होतीच: काटेरी पानं, निळसर फुलं, बोंडात आकडे, कूळ अडुळशाचं. जागेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'तिवराच्या बुंध्याशी'.