हृद्रोग : आयुर्वेदाची दृष्टी आणि रुग्णाची दक्षता

छातीत कळ आली की आपल्याकडे पहिला विचार येतो तो वाताचा किंवा पित्ताचा. ओवा चघळला जातो, सोडा घेतला जातो, छातीला तेल चोळून शेक दिला जातो आणि सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. दुसरीकडे, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला एखादा रुग्ण दवाखान्यातून घरी परततो, कोणाच्या सांगण्यावरून अर्जुनाची साल उकळून पिऊ लागतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हळूहळू बंद करतो. या दोन्ही गोष्टी आयुर्वेदाच्या नावाने घडतात. दोन्हींत रुग्णाचा प्राण पणाला लागतो. म्हणूनच आयुर्वेद हृद्रोगाविषयी नेमके काय सांगतो, त्याच्या औषधांविषयी आजवर काय कळले आहे आणि त्यांची मर्यादा कोठे येते, हे गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्राचीन ग्रंथांतील विचार

आयुर्वेदाने शरीरातील मर्मस्थानांपैकी तीन स्थाने सर्वश्रेष्ठ मानली आहेत : शिर, हृदय आणि बस्ती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सव्विसावा अध्याय या तीन मर्मांच्या विकारांना वाहिलेला आहे व त्याचे नावच 'त्रिमर्मीय' असे आहे. हृदय हे ओजाचे आणि चेतनेचे स्थान होय, अशी या शास्त्राची धारणा आहे.

चरकाने हृद्रोगाचे पाच प्रकार वर्णिले आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज. वातज प्रकारात हृदयाची धडधड, कंप व पोकळी वाटणे; पित्तज प्रकारात दाह, तहान, घाम व मूर्च्छा; कफज प्रकारात छातीवर दगड ठेवल्यासारखा जडपणा, ही लक्षणे सांगितली आहेत. छातीवर दगड ठेवल्याची ही भावना आजचे रुग्णही जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात. त्या काळच्या वैद्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, याची यावरून कल्पना येते.

रोगाची कारणे सांगतानाही चरकाची दृष्टी व्यापक आहे. अतिश्रम, तीव्र रेचके, चिंता, भय, मलमूत्रादी वेगांचा अवरोध, रोगावर झालेले चुकीचे उपचार आणि आघात यांचा त्यात समावेश आहे. तथापि, एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ग्रंथांतील 'हृद्रोग' आणि आज हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणारा झटका हे सर्वस्वी एकच नव्हेत. रक्तवाहिनीतील अडथळा पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. ग्रंथकारांनी लक्षणांवरून विकार ओळखले. आज विद्युत्-हृदयालेख म्हणजे ईसीजी, रक्ततपासणी व अँजिओग्राफी यांवरून कारण प्रत्यक्ष दिसते.

हृद्य द्रव्ये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा एक गण दिला आहे. त्यात आंबा, अंबाडा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब, महाळुंग अशी बहुतेक आंबट फळे आहेत. सह्याद्रीच्या परिसरातील वाचकाला यांतील बरीचशी नावे घरचीच वाटतील. 'हृद्य' या शब्दाला मनाला रुचणारे असाही अर्थ आहे. ही फळे म्हणजे झटक्यावरील औषध नव्हे, तर रोजच्या आहाराचे अंग होत. विशेष म्हणजे, आज हृदयासाठी सर्वाधिक प्रसिद्ध असलेला अर्जुन या गणात नाही.

अर्जुनाची साल

अर्जुन किंवा अर्जुनसादडा हा नदीनाल्यांच्या काठी वाढणारा मोठा वृक्ष आहे. त्याची साल करड्या-पांढुरक्या रंगाची व गुळगुळीत असते. त्याचा भाऊबंद असलेल्या ऐनाची साल काळपट, खडबडीत आणि भेगाळलेली असते. हृद्रोगावर अर्जुनाचा वापर रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः वाग्भटाला दिले जाते. पुढील काळात चक्रदत्ताने या सालीचा दुधात सिद्ध केलेला काढा, म्हणजे क्षीरपाक, सांगितला.

आधुनिक काळात या सालीवर अनेक लहान अभ्यास झाले व काहींतून आशादायक निष्कर्ष निघाले. परंतु दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्या सुमारे शंभर रुग्णांवर बारा आठवडे अभ्यास केला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला काही रुग्णांना अर्जुनाचा अर्क व काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार हृदयाच्या आकुंचनशक्तीत सुधारणा आढळली नाही. काही रुग्णांची काम करण्याची क्षमता मात्र थोडी वाढलेली दिसली. या अभ्यासातही अर्जुन दिला गेला तो नेहमीच्या औषधांबरोबर, त्यांच्याऐवजी नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

सर्पगंधा आणि गुग्गुळ

परंपरेतील औषध आधुनिक कसोटीवर कसे उतरते, याचे उत्तम उदाहरण सर्पगंधेचे आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील या मुळीच्या परिणामाचा अभ्यास १९४९ साली ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबावरील प्रारंभीच्या प्रभावी औषधांत त्याची गणना होते. पुढे त्याने काही रुग्णांना तीव्र खिन्नता येते असे दिसून आले व अधिक सुरक्षित औषधे निघाल्यावर त्याचा वापर मागे पडला. औषध गुणकारी असले की ते निर्धोकही असते, हा समज किती अपुरा आहे, हे यावरून दिसते.

गुग्गुळाची कथा वेगळी आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली गुग्गुळावर संशोधन केले. त्यातून पुढे रक्तातील मेद कमी करणारे औषध भारतात वापरात आले. मात्र २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात गुग्गुळाने घातक कोलेस्टेरॉल घटले नाही, उलट किंचित वाढले. कसोटीला उतरणे व न उतरणे हे दोन्ही शास्त्राचेच भाग आहेत. दोन्ही निकाल तितक्याच मोकळेपणाने स्वीकारले पाहिजेत.

जेथे विलंब नको

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखी वेदना, ती डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात वा पाठीत पसरणे, दरदरून घाम, धाप, मळमळ ही झटक्याची लक्षणे होत. स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये व मधुमेहींमध्ये वेदना न होता केवळ धाप, थकवा किंवा अस्वस्थता जाणवू शकते. अशा वेळी कोणताही काढा, चूर्ण वा शेक यांत वेळ दवडू नये. रुग्णाला चालवू नये. बसते किंवा पडते करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. ॲस्पिरिनची गोळी द्यावी की नाही, हे डॉक्टरांना दूरध्वनीवरून विचारून ठरवावे.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू एकदा मृत झाला की तो पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून रात्री उठलेल्या कळेसाठी सकाळची वाट पाहणे धोक्याचे आहे.

पथ्य आणि समन्वय

आयुर्वेदाचे खरे बळ पथ्यात व दिनचर्येत आहे. मिताहार, वेळेवर झोप, वेगांचा अवरोध न करणे, अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम, चिंता व क्रोध यांवर संयम हे त्याचे नियम आजच्या वैद्यकाच्या सल्ल्याशी बव्हंशी जुळतात. तंबाखू, मिश्री, विडी यांचा त्याग हा त्यांतील सर्वांत मोलाचा नियम म्हणावा लागेल. मीठ दिवसाला एका लहान चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमहून, अधिक नसावे. लोणचे व पापड यांतून ते नकळत पोटात जाते, हे विसरू नये.

औषधांच्या बाबतीत काही धोके विशेषत्वाने ध्यानात घ्यावेत. ज्येष्ठमध अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लवणभास्कर चूर्णात मिठाचे प्रमाण मोठे असते. लसणाच्या अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा संभव वाढतो. गुग्गुळामुळे हृदयविकारावरील काही गोळ्यांचा अंश रक्तात कमी पोहोचतो. वमन, विरेचन यांसारखी पंचकर्मे झटका येऊन गेलेल्या रुग्णाने हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून करू नयेत. तीव्र रेचके ही हृद्रोगाचे कारण होतात, असे खुद्द चरकानेच म्हटले आहे. म्हणून रुग्णाने वैद्याला चालू गोळ्या दाखवाव्यात आणि डॉक्टरांना चालू काढे सांगावेत. लपवाछपवीने नुकसान रुग्णाचेच होते.

गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. वारंवार घसा दुखून ताप येणारी व नंतर सांधे सुजणारी मुले संधिवाताची समजून घरगुती लेपांवर ठेवली जातात. तो संधिज्वर असू शकतो व त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. पेनिसिलिनची इंजेक्शने नियमित दिल्यास हे संकट टळते. असे मूल आढळताच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

हृद्रोग व रक्तदाब बरे करण्याची हमी देणारी पत्रके बाजारात व यात्रांत वाटली जातात. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत हृदयाचे विकार व उच्च किंवा न्यून रक्तदाब यांचा समावेश असून, ते बरे करण्याची जाहिरात करणे हा अपराध आहे. पंचायतीच्या सदस्यांनी अशी पत्रके अन्न व औषध प्रशासनाच्या निदर्शनास आणावीत. १०८ हा क्रमांक आणि जवळच्या ईसीजी-सुविधेचा पत्ता चावडीवर व शाळेत ठळक अक्षरांत लावावा. तीस वर्षांवरील प्रत्येकाने आरोग्य उपकेंद्रात जाऊन रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घ्यावी, असा आग्रह ग्रामसभेत धरावा.

चरकाने हृदयाला मर्म म्हटले. मर्मावर घाव बसला असता उपचाराला उशीर चालत नाही, हे त्या शब्दातच आले. पथ्यपाणी, दिनचर्या व वैद्याचा सल्ला यांनी हृदयाचे रक्षण करावे. परंतु कळ उठताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयाची वाट धरावी. आयुर्वेदाचा आदर राखण्याचा हाच योग्य मार्ग होय.