म्हातारपणी महिन्याचे पैसे कुठून येणार?

शहापूर असो वा मुरबाड, बँकेच्या पायरीवर पासबुक घेऊन बसलेले बुजुर्ग आपण पाहतोच. "श्रावणबाळचे पैसे जमा झाले का?" एवढेच त्यांना विचारायचे असते. महिन्याचे 1,500 रुपये. 2023 पर्यंत हे 1,000 होते.

हे पैसे मिळण्यासाठी वय 65 हवे आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे. नाहीतर कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. म्हणजे सगळ्या घराला दिवसाला 58 रुपयेही नाहीत. भातशेती आणि मजुरीवर कसेबसे चालणारे घरही या अटीत बसणे कठीण.

शेजारचा नेपाळ आपल्याहून गरीब. तिथे 1995 पासून वृद्धभत्ता आहे. वयाची 68 वर्षे झालेल्या नागरिकाला महिना 4,000 नेपाळी, म्हणजे आपले 2,500 रुपये मिळतात. गरिबीचा दाखला लागत नाही. मराठी वंशाची कुटुंबे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्या मॉरिशसने 1958 पासूनच पेन्शन सर्व वृद्धांना खुली केली. ब्रिटनमध्ये वेगळी रीत आहे: कमावत्या वयात वर्गणी भरायची, 35 वर्षे भरली की पूर्ण पेन्शन.

आपल्यातले अनेक जण आखातात राबले. सौदीत परदेशी कामगाराला म्हातारपणाची मासिक पेन्शन नाही. नोकरी संपताना एकरकमी पैसे मिळतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा पगार, पुढे दरवर्षी पूर्ण पगार. वीस वर्षे काढली तर साडेसतरा महिन्यांचा पगार हाती येतो. घराचा स्लॅब आणि मुलीचे लग्न झाले की त्यातले काय उरते?

मुरबाडच्या एमआयडीसीत, आसनगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. पीएफच्या पेन्शनसाठी दहा वर्षे भरावी लागतात. नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेतले तर मागची वर्षे हिशेबातून जातात. ती रक्कम नव्या खात्यात वळवून घ्यावी.

ज्यांना पीएफ नाही आणि जे आयकर भरत नाहीत, त्यांच्यासाठी 2015 पासून अटल पेन्शन योजना आहे. वय 18 ते 40. अठराव्या वर्षी महिना 210 रुपये भरायला सुरुवात केली तर साठीनंतर महिना 5,000 मिळतात. चाळिसाव्या वर्षी सुरू केले तर त्याच पेन्शनसाठी 1,454 भरावे लागतात. पतीनंतर तेवढीच पेन्शन पत्नीला चालू राहते. व्याजाबद्दल मनात शंका असेल तर आधी जाणकार आलिमांना विचारावे. श्रावणबाळ मात्र सरकारी अनुदान आहे, त्यात आपली ठेव नसते.

आपल्या मोहल्ल्यात 65 च्या पुढचे किती जण आहेत, याची यादी एका जुम्याला करता येईल. कोणाचा वयाचा पुरावा नाही, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाच्या बँक खात्याला आधार जोडलेले नाही. विधवा भगिनी 65 हून लहान असेल तर तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. शिकलेल्या दोन मुलांनी एक दिवस तहसील कचेरीत घालवला, तर एखाद्या अम्मीला औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागणार नाही.